पोर गावात, बापूस मुंबईत: ताबा आणि भेटीगाठी कशा लिहून घ्यायच्या

नवरा-बायकोनी वेगळं व्हायचं ठरवलं की दोन्हीकडची माणसं एकच विचारतात, पोर कोणाला मिळणार. मी सिंधुदुर्गात एका तालुक्याला पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणून काम करते, म्हणजे वकील नाही, पण अर्ज कुठे करायचा, कागद कुठले लागतात, वकील फुकट कसा मिळतो हे लोकांना समजावून सांगते, आणि इतकी घरं बघून माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नसतो. पोर जिथे शाळेत जातं, ज्याच्या हातचं रोज जेवतं, ताप आला की ज्याला हाक मारतं, बहुतेक वेळा ते तिकडेच राहतं आणि हे दोघांनाही आतून माहीत असतं. खरी ओढाताण नंतर सुरू होते, भेटीवरून. ऑर्डरमध्ये एकच ओळ असते, "वडिलांना महिन्यातून दोन वेळा मुलास भेटता येईल", आणि बाप नालासोपाऱ्याला, पोर कुडाळजवळच्या पिंगुळीला. कुठल्या दिवशी, कुणाच्या घरी, रात्री ठेवायचं की नाही, गणपतीत काय, काहीच लिहिलेलं नाही. मग दर महिन्याला नवीन भांडण आणि पोर दाराआड उभं राहून ऐकतंय.

म्हणून हे लिहितेय. कायदा थोडक्यात सांगते, वेळापत्रक कसं लिहायचं ते मात्र नीट सांगते, कारण ते कोणी सांगत नाही.

आधी कायदा. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे आणि सगळ्या धर्मांसाठी १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. मुसलमान, ख्रिश्चन घरांचे वैयक्तिक कायदे वेगळे आहेत आणि कोर्ट तेही बघतं, पण शेवटी वजन पडतं ते मुलाच्या हितावर. पाच वर्षं पूर्ण न झालेलं मूल साधारणपणे आईकडे असावं असं १९५६ च्या कायद्याचं कलम ६ म्हणतं. त्यावरून गावागावात समज पसरलाय की पाच पूर्ण झाली की पोर आपोआप बापाचं. तसं अजिबात नाही. पाचनंतरही कोर्ट हेच बघतं की मुलाचं भलं कुठे आहे, कोण वेळ देतंय, शाळा कुठे आहे, घरात कोण कोण आहे. नुसता पगार जास्त म्हणून ताबा मिळत नाही, आणि आई कमवत नाही म्हणून जातही नाही. वडील असताना आईला पालक म्हणून सही करता येत नाही असंही बरेच जण सांगतात, पण १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वडील हयात असले पण मुलाकडे लक्षच देत नसले तर आई पालक म्हणून काम बघू शकते.

अजून एक, ताब्याची ऑर्डर कायमची दगडावर कोरलेली नसते. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, कोणाची बदली झाली की पुन्हा अर्ज करून बदलून घेता येते. त्यामुळे "आत्ता हरलो तर पोर कायमचं गेलं" ही भीती घेऊन कोर्टात लढू नका, त्या भीतीपोटीच माणसं एकमेकांवर नाही नाही ते आरोप लिहितात आणि ते कागद नंतर पोरं मोठी झाल्यावर वाचतात.

अर्ज कुठे करायचा? घटस्फोटाची केस चालू असेल तर त्याच केसमध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताबा, भेट, मुलाचा खर्च सगळं मागता येतं. घटस्फोट नको आहे किंवा केस नाहीये, नुसता मुलाचाच प्रश्न आहे, तर १८९० च्या कायद्याखाली अर्ज, आणि तो मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात. म्हणजे पोर कुडाळच्या शाळेत असेल तर अर्ज सिंधुदुर्गात, वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात नाही. जिथे फॅमिली कोर्ट आहे तिथे ते ऐकतं, नाही तिथे जिल्हा न्यायालय, सिंधुदुर्गवाल्यांसाठी ते ओरोसला. मुंबईतले नातेवाईक "इकडे टाक, माझ्या ओळखीचा वकील आहे" म्हणतात त्यांचं ऐकून चुकीच्या कोर्टात अर्ज टाकलात तर फक्त तारखा वाया जातात.

आणि स्टॅम्पपेपरबद्दल. हे मला मोठ्याने सांगायचंय. आपल्याकडे गावकी बसते, दोन्हीकडचे चार जाणते येतात, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहितात की आजपासून आमचा संबंध नाही, मुलगा आईकडे, बापाने हक्क सोडला, नोटरी करतात आणि सगळ्यांना वाटतं झालं. त्या कागदाने कोर्टाचा घटस्फोट होत नाही आणि बापाचा किंवा आईचा मुलावरचा हक्क सुटत नाही, मुलाचा पोटगीचा हक्क तर आईबापाने सोडून दिला तरी जात नाही. गावकीत बसून समेट होत असेल तर चांगलंच आहे, पण जे ठरलं ते वकिलाकडून कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीच्या लेखी अटींमध्ये, उतरवून कोर्टात दाखल करा आणि त्यावर कोर्टाची ऑर्डर घ्या. संमतीने घटस्फोट करताय तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बी च्या अर्जातच भेटीचं सगळं लिहा. केस आधीपासून चालू असेल आणि मध्येच पटलं तर दोघांच्या सहीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्या. एकदा ऑर्डरमध्ये आलं की ते मोडणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, स्टॅम्पपेपर मोडणाऱ्याला कोणी विचारत नाही.

पटत नसेल तर मुख्य अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, भेटीचा अर्ज टाका, वकिलाने नाही सुचवलं तरी तुम्ही मागा. मुख्य निकालाला वर्षं जाऊ शकतात आणि तीन वर्षांच्या मुलाने बापाला वर्षभर बघितलं नाही तर ते त्याला ओळखतच नाही, मग समोरचा म्हणतो बघा मूल रडतंय, त्याला जायचं नाहीये. अंतरिम भेट महिन्यातून एकदाच मिळाली तरी सोडू नका. कोर्ट मध्यस्थीला पाठवतं, तिथे पैसे लागत नाहीत आणि तिथे बोललेलं केसमध्ये तुमच्याविरुद्ध वापरलं जात नाही, त्यामुळे तिथे मनातलं बोला. मी बघितलंय की वेळापत्रक नीट बनतं ते मध्यस्थीच्या टेबलावरच, साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात नाही.

आता वेळापत्रक.

साधा महिना आधी लिहा. दोघं एकाच तालुक्यात असतील तर सोपं आहे, दर आठवड्याला एक दिवस, वाटलं तर एक रात्र. एक मुंबईला आणि एक गावात असेल तर "दर रविवारी" लिहू नका, ते कोणाच्याच बापाला जमत नाही, दोन महिन्यात मोडतं आणि पोर खिडकीत बसून राहतं. त्यापेक्षा महिन्यातून एकच पण पक्की भेट, शनिवार-रविवार, आणि ती गावातच. कोकणकन्येने शुक्रवारी रात्री निघालं की शनिवारी सकाळी कुडाळ, रविवारी संध्याकाळी परतीची गाडी. माणसाने प्रवास करायचा, पोराने नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला दर महिन्याला दोन रात्री गाडीत काढायला लावणं हे भेटीचं सुख नाही, हाल आहेत. पोराने मुंबईला जायचं ते मोठ्या सुट्टीत.

वयाचंही बघा. तान्हं मूल असेल तर दोन तास, पण वारंवार, आणि शक्यतो त्याच्या ओळखीच्या घरात, आईने शेजारच्या खोलीत थांबलं तरी चालेल. तीन-चारपर्यंत अख्खा दिवस, मग एक रात्र, मग सुट्टीतले आठ दिवस असं वाढवत न्या आणि हे टप्पे आधीच लिहून ठेवा, "मूल ५ वर्षांचे झाल्यावर एक रात्र मुक्काम" असं. नाहीतर प्रत्येक वाढीसाठी नवीन अर्ज.

मग सण. कोकणात खरी परीक्षा इथेच आहे. गणपतीत अख्खी मुंबई गावाला येते, बापही येतो, त्याच्या घरच्या गणपतीसमोर त्याला आपलं पोर हवं असतं आणि आईच्या माहेरीही गणपती असतो. तारीख लिहू नका, चतुर्थी २०२५ ला २७ ऑगस्टला होती आणि २०२६ ला १४ सप्टेंबरला आहे, तारीख लिहिलीत तर पुढच्या वर्षी ती ओळ निरुपयोगी. असं लिहा की चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारपासून गौरी विसर्जनापर्यंत सम वर्षी वडिलांकडे, विषम वर्षी आईकडे. दोन्ही घरं जवळजवळच्या गावात असतील, आपल्याकडे खूपदा असतात, तर चतुर्थी एकीकडे आणि गौरीचा दिवस दुसरीकडे, दरवर्षी उलटं. शिमग्याला ज्यांच्याकडे पालखी घरी येते त्यांनी पालखीचा दिवस मागून घ्या, पण शिमगा मार्चमध्ये परीक्षेच्या तोंडावर येतो, म्हणून "शाळा आणि परीक्षा न बुडवता" हे शब्द घाला. दिवाळी वर्षाआड. मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, पण शाळा उघडायच्या आठवडाभर आधी पोर शाळेच्या गावी परत, म्हणजे वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट सगळं व्हायला वेळ मिळतो.

गाडीचं तिकीट हा मुद्दा कन्सेंट टर्म्समध्ये कोणी घालत नाही आणि अर्धी भांडणं तिथेच होतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपती आणि मे महिन्याच्या गाड्या उघडल्या उघडल्या फुल्ल होतात. मग साठ दिवस आधी तारीख ठरलेलीच नसेल तर पोर येणार कसं? म्हणून लिहा की सुट्टीतल्या भेटीची नक्की तारीख ७५ दिवस आधी एकमेकांना कळवायची, तिकीट कोण काढणार, पैसे कोणाचे, आणि पोरासोबत प्रवास कोण करणार. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट लागतं, रात्रीच्या गाडीला बर्थ घ्याच. आणि पावसाळा विसरू नका, दरड येते, गाड्या रद्द होतात, महामार्ग बंद पडतो. यात कोणाची चूक नाही, पण लिहिलेलं नसेल तर तीच चूक धरली जाते. "नैसर्गिक कारणाने भेट हुकल्यास पुढील १५ दिवसांत भरपाई" एवढी ओळ पुरते.

जहाजावर किंवा आखातात नोकरी असलेल्यांना महिन्याची भेट लागूच होत नाही. दापोली-मंडणगडकडची, रत्नागिरीची कितीतरी घरं अशी आहेत. तिथे भेट सुट्टीला बांधा: घरी आल्यापासून परत जाईपर्यंत आठवड्यातून इतके दिवस, येण्याची तारीख महिनाभर आधी कळवायची, आणि बाहेर असताना व्हिडिओ कॉल. परदेशी न्यायचं असेल तर दुसऱ्याची लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी, हेही आत्ताच लिहा, पासपोर्टच्या वेळी दोघांच्या सह्यांवरून पुन्हा अडतं.

एक नमुना देते, तुमच्या वकिलाला दाखवा, तो कायद्याच्या भाषेत बसवेल:

"दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलाला आजोळच्या घरून घेतील व रविवारी दुपारी ४ वाजता तिथेच आणून सोडतील. शनिवारी शाळा असल्यास शाळा सुटल्यावर घेतील. वडिलांना स्वतः येणे शक्य नसल्यास फक्त आत्या किंवा आजोबा मुलाला घेण्यास येतील. येणे रद्द असल्यास ४८ तास आधी व्हॉट्सॲपवर कळवतील व पुढील शनिवारी भेट होईल. दर बुधवारी व रविवारी संध्याकाळी ७ ते ७.३० या वेळेत व्हिडिओ कॉल होईल. शाळेचे प्रगतीपुस्तक, पालकसभेची सूचना व आजारपणाची माहिती दोघांनाही मिळेल."

एवढंच, पण बघा किती भांडणं यात आधीच मिटलीत.

देवाणघेवाण कुठे करायची ते नीट ठरवा. काही कोर्टांत मुलांसाठी खोली असते पण तालुक्याला बहुतेक ठिकाणी नाही, आणि पोलीस स्टेशन तर शक्यतो नकोच, पोराला वाटतं कोणीतरी गुन्हा केलाय. दोघांना चालणारं एखादं घर, शाळा किंवा स्टेशन बरं. त्या पाच मिनिटांत पोटगी, केस, नवीन लग्न काही बोलायचं नाही. एका पोरीची बॅग माझ्यासमोर भरली होती ती सांगते: दोन ड्रेस, अभ्यासाची वही, खोकल्याच्या औषधाची बाटली, तिच्यावर आईने पट्टी चिकटवून लिहिलेलं "रात्री जेवल्यावर ५ एमएल", आणि सगळ्यात खाली आजीने घातलेली कुळथाच्या पिठाची पुडी, पोरीच्या आत्येभावंडांसाठी. आईबापाचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, पण ती पोर बॅग उचलून हसत गेली.

आजी-आजोबांना समजावणं हे वेगळंच काम. "बापाशीन सोडल्यान, आता भेट कित्याक व्हयी?" (बापाने सोडलं, आता भेट कशाला हवी?) असं पोरासमोर म्हणतात. त्यांचं दुःख खरं आहे, लेकीचं झालेलं त्यांनी बघितलंय. पण भेट ही बापाला दिलेलं बक्षीस नाही, ती पोराची गरज आहे, सुप्रीम कोर्टानेही २०२० च्या यशिता साहू प्रकरणात हेच सांगितलंय की दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि लांब राहणाऱ्या पालकाला फोन, व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावं. फोनचं म्हणाल तर रेंज घरात नसते, खळ्यात (अंगणात) किंवा गडग्यावर (दगडी कुंपणावर) जाऊन बसावं लागतं, पावसात लाईट जाते, म्हणून वेळ ठरलेली असू दे आणि कॉल लागला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, असं ठरवा. पोर बोलत असताना मागे उभं राहून प्रॉम्प्टिंग करू नका, त्याला कळतं.

पैशाचं. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने पैसे दिले नाहीत म्हणून तुम्ही भेट बंद करू शकत नाही, आणि तिने भेट दिली नाही म्हणून तुम्ही पैसे बंद करू शकत नाही, दोन्हीसाठी कोर्टात वेगळा अर्ज करायचा. पोटगीच्या अर्जात दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून हे सगळीकडे लागू आहे, त्यात आंब्याच्या कलमांचं उत्पन्न आणि होमस्टेचं भाडंही लिहायचं, लपवलं की निघतंच.

घरात मारहाण झालेली असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं तुम्हाला लागू नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला की कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेटीने मुलाला धोका असेल तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारू शकतात. संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात. भेट द्यायचीच झाली तर तिसऱ्या माणसासमोर, ठरलेल्या जागी, आणि तुमचा आत्ताचा पत्ता त्या कागदात नको असेल तर तसं वकिलाला आधी सांगा. दारू पिऊन आला तर पोर द्यायचं नाही, हेही टर्म्समध्ये लिहून घेता येतं आणि लिहून घ्याच. तातडीची वेळ आली तर बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

समोरचा ऑर्डर पाळत नसेल तर? पोराला शाळेच्या गेटवरून उचलून नेऊ नका, कितीही राग आला तरी. पुढच्या तारखेला तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध पहिली वाचली जाते, आणि पोर महिनाभर शाळेत जायला घाबरतं ते वेगळंच. एक साधी वही ठेवा: तारीख, कोण आलं, किती वाजता, भेट झाली की नाही, कारण काय सांगितलं. तिकिटं ठेवा, व्हॉट्सॲप डिलीट करू नका. दोन-तीन वेळा झालं की त्याच कोर्टात अर्ज द्या, भरपाईच्या भेटी मागा, तरी नाही ऐकलं तर दरखास्त, म्हणजे ऑर्डरची अंमलबजावणी मागणारा अर्ज, आणि कोर्टाच्या अवमानाचा मार्ग आहे. आधी मात्र एकदा विचारून बघा, कधीकधी कारण खरंच पोराचं ट्युशन किंवा क्रिकेटची मॅच असते, आणि दिवस बदलला की प्रश्न सुटतो.

मूल समजतं झालं की जज त्याला चेंबरमध्ये बोलावून बोलू शकतात, त्याची इच्छा विचारात घेतात, पण फक्त तेवढ्यावर निकाल देत नाहीत. पढवून पाठवू नका. नऊ वर्षांचं पोर "माझे वडील बेजबाबदार आहेत" असं म्हणालं की कोणाचे शब्द आहेत ते जजना लगेच कळतं. त्याला एवढंच सांगा, जे वाटतं ते बोल, आम्ही दोघंही रागावणार नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर बायकांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवेकडून वकील फुकट मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. पुरुषांनाही मिळतो पण त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंगांना ती नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं तिथे जा, किंवा १५१०० ला फोन करा. येताना लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, दोघांची आधार कार्डं, मुलाच्या फी आणि औषधपाण्याच्या पावत्या, आणि आधी काही स्टॅम्पवर लिहिलेलं असेल तर तोही कागद आणा, लाज वाटून घरी ठेवू नका. आणि ऑर्डर झाली की सहीशिक्क्याच्या दोन-तीन नकला काढून एक शाळेत मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवा, म्हणजे शनिवारी पोराला न्यायला आत्या आली तर बाई तिला गेटवर अडवणार नाहीत.